लातूरला जाऊन कॉमर्स?

आमच्या भागात दहावीचा निकाल लागला की पहिला प्रश्न "किती पडले?" आणि दुसरा "लातूरला टाकणार का?" तिसरा सहसा कुणी विचारत नाही. लातूरला टाकणं म्हणजे अकरावी सायन्स, ग्रुप पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायो) आणि दोन वर्षांनी मेडिकलची नीट, हे सगळं त्यातच आलं. कळंबहून लातूर एसटीने दीड-दोन तासांवर. आमच्या गल्लीतल्या निम्म्याअधिक घरांतलं कुणी ना कुणी तिथल्या ट्युशन एरियात खोली करून राहून आलेलं आहे. कुणी डॉक्टर झालं, कुणी रिपीट करून बीएएमएसला लागलं, कुणी दोनदा रिपीट करून शेवटी बीएस्सीला गेलं. शेवटच्या दोघांबद्दल लग्नकार्यात कुणी बोलत नाही, एवढंच.

२०२५ च्या मे महिन्यात आमच्या थोरलीची पाळी आली. १३ मेला निकाल लागला. गणितात ९४, सामाजिक शास्त्रांत ९५, विज्ञानात ८१. बेस्ट ऑफ फाइव्हने टक्के नव्वदच्या वर गेले आणि संध्याकाळपासून फोन सुरू झाले. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, ह्यांचं कृषी सेवा केंद्र आहे. त्यामुळे सल्ला देणाऱ्यांची आमच्याकडे दोन्ही बाजूंनी भरपूर आवक.

थोरलीने मात्र निकालाआधीच सांगून टाकलं होतं. "बायो नको. केमिस्ट्री तर नकोच नको. गणित सोडायचं नाही आणि इकॉनॉमिक्स पाहिजे."

"मग नेमकं घ्यायलीस तरी काय?" ह्यांनी विचारलं.

"तेच तर बघायचंय ना पप्पा."

अर्थशास्त्राचं हे खूळ कुठून आलं ते मला ठाऊक होतं. दहावीच्या भूगोलाचं पुस्तक भारत आणि ब्राझील या दोन देशांच्या तुलनेवर बेतलेलं आहे. त्यात शेवटाकडे राष्ट्रीय उत्पन्न, दरडोई उत्पन्न येतं. एकूण उत्पन्नात भारत पुढे आणि दरडोईत ब्राझील पुढे, हे तिच्या डोक्यात अडकून बसलं. त्यात त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४८९२ रुपये आणि बाजारात पट्टी चार-सव्वाचार हजाराची. दुकानात उधारी भागवायला येणारा प्रत्येक माणूस तेच बोलायचा. कुणी सरकारला शिव्या घालायचा, कुणी आडत्याला, आणि एखादा म्हणायचा, "ब्राझीलमध्ये माल लई झालाय." जगात सगळ्यात जास्त सोयाबीन ब्राझील पिकवतो. पुस्तकात ब्राझील वाचलेल्या पोरीला तोच ब्राझील आपल्या दुकानाच्या काउंटरवर भेटला. तिथून ती जी सुटली ती सुटलीच.

घरात विरोध होता, पण सिनेमातल्यासारखा आरडाओरडा नव्हता. ह्यांच्या मनात बीएस्सी अ‍ॅग्री होतं आणि त्यामागे व्यवहार होता. खतं-औषधांच्या दुकानाला परवाना टिकवायचा तर मालकाकडे किंवा त्याने नेमलेल्या माणसाकडे शेतीची किंवा रसायनशास्त्राची पदवी लागते, नाहीतर पदविका. ह्यांनी चाळिशीत पुन्हा वह्या-पुस्तकं घेऊन अशा दुकानदारांसाठीचा 'देसी' नावाचा वर्षभराचा डिप्लोमा केला, तेव्हा कुठे दुकान शाबूत राहिलं. लेकीने अ‍ॅग्री केली की पुढच्या पिढीचा प्रश्न मिटला, असा सरळ हिशेब. त्यासाठी बारावी सायन्स आणि सीईटी हवी. सासूबाईंचं म्हणणं वेगळंच. त्यांना डॉक्टर नातच पाहिजे होती, कारण त्यांच्या गुडघ्यांना पुण्यापर्यंत न्यावं लागतं.

पुण्याच्या मामाचा युक्तिवाद मात्र मला पटण्यासारखा वाटला. तो इंजिनिअर. म्हणाला, "ताई, पीसीएम घेऊ दे, बायोच्या जागी गणित. सायन्सवरून कॉमर्सला कधीही जाता येतं, कॉमर्सवरून सायन्सला येता येत नाही. दारं उघडी ठेवायची." हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकतो की ते तपासून बघायचं राहूनच जातं. मग थोरलीनेच एका जुन्या दोनशे पानी वहीत जोडपान उघडलं. डाव्या बाजूला, फिजिक्स-केमिस्ट्री सोडलं तर काय जातं. उजव्या बाजूला, तरीही काय उरतं.

डावं पान भराभर भरलं. इंजिनिअरिंग, मेडिकल आणि त्याच्या आजूबाजूचं सगळं, फार्मसी, बीएस्सी नर्सिंग, अ‍ॅग्री, आर्किटेक्चर. ही यादी भारदस्त दिसते आणि ती बघून कुणाच्याही आईच्या पोटात गोळा येईल. उजव्या पानावर सीए, पाच वर्षांची वकिली, एमपीएससी-यूपीएससी, बीकॉम, अर्थशास्त्राच्या पदव्या. मग ती एकेका कोर्सच्या अटी शोधायला लागली. दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्र ऑनर्सला जायचं तर सीयूईटी या प्रवेश परीक्षेत गणित द्यावंच लागतं. इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या (आयएसआय) बी.स्टॅट या संख्याशास्त्राच्या पदवीला बारावीला गणित आणि इंग्रजी लागतं, शाखा कुठलीही चालते. असं करत करत उजव्या पानावर तिने लाल पेनाने जागोजागी 'ग' लिहिला. फिजिक्स आणि केमिस्ट्री फक्त डाव्या पानावर लागत होती. गणित दोन्हीकडे.

त्या पानाने घरातली चर्चा बदलली. सायन्स की कॉमर्स हा प्रश्न मागे पडला. गणित कोणत्या शाखेतून आणि कुठल्या कॉलेजात मिळतं, हा खरा प्रश्न निघाला. मामासुद्धा वहीचा फोटो बघून म्हणाला, "हां, डाव्या बाजूचं काहीच करायचं नसेल तर मग माझं म्हणणं मागे."

सायन्सवाल्यांना सहसा न कळणारी एक गोष्ट इथे सांगते. आपल्या बोर्डाला बारावीला गणिताची दोन वेगळी पुस्तकं आहेत. एकावर कंसात 'कॉमर्स' लिहिलेलं असतं आणि दुसऱ्यावर 'आर्ट्स अँड सायन्स'. हो, आर्ट्स! म्हणजे कला शाखेच्या मुलाला गणित घेता येतं, तेही सायन्सच्या मुलाचंच गणित. थोरलीने बालभारतीच्या संकेतस्थळावरून दोन्ही पुस्तकं उतरवून घेतली तेव्हा ते मुखपृष्ठ बघून तिचे डोळे चमकले. आर्ट्सला गणित, अर्थशास्त्र, भूगोल आणि राज्यशास्त्र असा संच तिने लगेच मांडलासुद्धा. माझ्या मते महाराष्ट्रात अकरावीला जाणाऱ्या पोराने घ्यावा इतका तो देखणा संच होता.

तो कुठेच मिळाला नाही. कळंबच्या एका कॉलेजात मी स्वतः जाऊन विचारलं. क्लार्क ओळखीचे, आदराने बोलले, पण हसू काही त्यांना आवरेना. "मॅडम, आर्ट्सला गणित? कोण घेतंय? एका पोरीसाठी तुकडी कशी काढायची? गणिताचे सर सायन्सकडेच पुरत नाहीत, एक पद रिक्त आहे, तासिका तत्त्वावर माणूस लावलाय." धाराशिवलाही थोड्याफार फरकाने तेच. नियमाची आडकाठी कुठेच नव्हती. विषय कार्यभारावर चालतो, कार्यभार मुलांच्या संख्येवर ठरतो, आणि गणित नको म्हणूनच आर्ट्सला आलेल्या मुलांतून ती संख्या यायची कुठून? मी बारावी आर्ट्सला 'सहकार' हा विषय घेतला होता, तो सहकाराच्या प्रेमापोटी नव्हे. आमच्या कॉलेजात त्या तासाला दुसरं काही चालतच नव्हतं. पंचवीस वर्षांत विषयांची यादी लांबली, पण तालुक्याच्या पोरांनी निवडायचं ते अजूनही स्टाफरूममध्ये कोण बसलंय त्यावरूनच.

म्हणून कॉमर्स. त्यात गणित घेता येतं, पण आपोआप मिळत नाही. इंग्रजी, दुसरी भाषा किंवा तिच्या जागी आयटी, बुक कीपिंग, ओसी म्हणजे वाणिज्य संघटन, इकॉनॉमिक्स, आणि सहाव्या जागेवर एसपी नाहीतर गणित. एसपी म्हणजे सेक्रेटेरियल प्रॅक्टिस, चिटणिसाची कार्यपद्धती. कंपनी शेअर कसे काढते, कर्जरोखे म्हणजे काय, सभासदाला पत्र कसं लिहायचं, हा त्यातला मजकूर. बहुतेक मुलं एसपीच घेतात, कारण गुण पडतात. सहा विषय, सहाशे गुण, त्यात एक पाठांतराचा असला तर बरं, हा हिशेब मलाही कळतो.

आता कॉमर्सचं गणित 'हलकं' असतं का, हा मुद्दा मामाने काढला. त्या दिवशी दुपारी दोन्ही पुस्तकांच्या अनुक्रमणिका आम्ही मोबाइल आणि ह्यांच्या दुकानातला लॅपटॉप शेजारी ठेवून वाचल्या. बारावीच्या सायन्सच्या पुस्तकात त्रिकोणमिती आहे, सदिश आहेत, रेषा आणि प्रतल आहेत. कॉमर्सच्या पुस्तकात हे काहीच नाही. मॅट्रिक्स, डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन, डिफरन्शियल इक्वेशन मात्र दोन्हीकडे. कॉमर्सकडे मात्र दुसऱ्या भागात भलतंच काही निघालं. कमिशन आणि दलाली, विमा आणि अ‍ॅन्युइटी, रिग्रेशन, टाइम सीरिज, इंडेक्स नंबर, असाइनमेंट प्रॉब्लेम.

इंडेक्स नंबरचं प्रकरण मी उघडून बसले. वस्तूंची यादी, पायाभूत वर्षाची किंमत, चालू वर्षाची किंमत, किती नग, आणि त्यावरून निर्देशांक काढायचा. दर सहा महिन्यांनी आमच्या शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर "डीए किती वाढणार?" म्हणून जे युद्ध पेटतं, त्याच्या मुळाशी हेच. महागाई भत्ता ज्या ग्राहक किंमत निर्देशांकावर ठरतो तो काढायची रीत इथे सोळा-सतरा वर्षांच्या पोरांना शिकवतात, आणि वीस वर्षं पगारपत्रक बघणाऱ्या मला ती कुणी सांगितली नव्हती. थोरली म्हणाली, "आई, हे हलकं आहे का?" मामाला मग तीच फोटो पाठवत बसली. आयएसआयसारख्या ठिकाणी जायचं तर त्रिकोणमिती वगैरे स्वतः करावी लागेल, हेही तिने वहीत लिहून ठेवलं. लपवाछपवी काही नाही.

एवढं ठरलं तरी प्रवेश अजून लांब होता. अकरावीचे ऑनलाइन केंद्रीय प्रवेश आधी मुंबई महानगर, पुणे-पिंपरी चिंचवड, नाशिक, नागपूर, अमरावती इतक्यापुरतेच होते. २०२५ ला पहिल्यांदा सगळ्या राज्याला ते लागू झाले. तोवर आमच्याकडे कॉलेजात जायचं, अर्ज घ्यायचा, यादी फळ्यावर लागली की बघायची, असं चालायचं. २१ मेला संकेतस्थळ सुरू व्हायचं होतं, ते पहिल्याच दिवशी बसलं. सगळ्यांचंच बसलं, त्यामुळे दुःख वाटून घेता आलं. २६ मेपासून पुन्हा सुरुवात झाली. शंभर रुपये भरायचे, भाग एकमध्ये माहिती, भाग दोनमध्ये पसंतीक्रम, कमीत कमी एक आणि जास्तीत जास्त दहा. कागदपत्रांचं वगैरे सगळीकडे सांगितलेलंच आहे, त्यात मी शिरत नाही.

मला खटकलं ते वेगळंच. पसंतीक्रम भरताना कॉलेज निवडायचं, शाखा निवडायची, माध्यम निवडायचं, अनुदानित की विनाअनुदानित की स्वयंअर्थसहाय्यित ते बघायचं. विषय निवडायला रकानाच नाही! विषय ठरतात प्रवेश घेताना, कॉलेजच्या खिडकीवर. आणि पहिल्या क्रमांकाचं कॉलेज मिळालं तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. म्हणजे वाणिज्य म्हणून पहिली पसंती द्यायची, ती मिळायची, आणि खिडकीवर कळायचं की गणित नाही, एसपी घ्या. तोवर हात बांधलेले. संकेतस्थळावर कॉलेजच्या माहितीत विषयांची यादी दिसते, पण यादीत विषय असणं आणि त्याचा तास होणं यांत किती अंतर असतं ते शिक्षकी पेशातल्या माणसाला सांगायला नको.

म्हणून आम्ही मायलेकी लातूरला जाऊन बघायचं ठरवलं. फोनवर सगळीकडे "आहे ना मॅथ्स" असंच उत्तर आलं होतं. पहिल्या कॉलेजात सुट्टी असूनही ऑफिस उघडं होतं. बाहेर भिंतीवर गेल्या वर्षीचं वेळापत्रक तसंच चिकटवलेलं होतं. थोरलीने बोट फिरवत अकरावी कॉमर्सच्या रांगा वाचल्या. बीके, ओसी, इको, एसपी, इंग्लिश. पुन्हा वाचल्या. गणित कुठेच नाही. शेजारी बाकावर बसलेल्या शिपायाने विचारलं, "काय हुडकायला लागलाव ताई?" मी सांगितलं. तो म्हणाला, "मॅथ्सवाली पोरं असत्यात की दोन-चार. बाहेर क्लासला जात्यात. इथं निस्ती परीक्षा." ऑफिसातल्या माणसाने आम्हाला ज्या सुरात "आहे ना" म्हटलं होतं त्यापेक्षा ह्या माणसाचं बोलणं फार उपयोगी पडलं. त्यानंतर जिथे गेलो तिथे आधी भिंत वाचली आणि मग खिडकीवर गेलो.

भिंतीवर रोज सकाळी पहिल्या तासाला गणित असलेलं एक कॉलेज शेवटी सापडलं. तुकडी अनुदानित. गणिताचे सर योगायोगाने तिथेच भेटले, उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यात बसले होते. वीसच्या आत मुलं असतात म्हणाले. थोरलीला विचारलं, "एसपी का नको?" ती म्हणाली, "वाचून येईल ते मी कधीही वाचीन सर. हे कुणी शिकवल्याशिवाय येणार नाही." सरांनी माझ्याकडे बघितलं. मी काहीच शिकवून आणलं नव्हतं, खरंच.

ह्या सगळ्या धावपळीत एका क्लासचे दोन तरुण घरी येऊन गेले, ते सांगायचं राहिलं. दहावीच्या याद्या त्यांना कुठून मिळतात देव जाणे. कोट घातलेले, मे महिन्यात. थोरलीला त्यांच्या परीक्षेत न बसताच फीमध्ये निम्मी सूट मिळाली होती. "इंटिग्रेटेड आहे मॅडम, कॉलेजला जायची कटकटच नाही, हजेरीचं आम्ही बघतो." शिक्षिकेच्या घरात बसून हे बोलायला धाडस लागतं. मी विचारलं, नीटला यंदा किती मुलं बसली? त्यांना माहीत होतं, बावीस लाखांच्या वर. एमबीबीएसच्या जागा? तेही माहीत होतं, सव्वा लाखाच्या आत. मग उरलेल्यांचं काय होतं, असं विचारल्यावर त्यातला एक म्हणाला, "उरलेल्यांसाठी आमची रिपीटर बॅच आहे ना मॅडम." चहा पिऊन गेले.

ज्या पोराला जीवशास्त्र मनापासून आवडतं त्याने लातूरला जावंच. तिथे शिकवणारी माणसं आहेत, अभ्यासाची हवा आहे, आणि गरिबांची पोरं तिथून डॉक्टर झालेली मी वर्गातून पाठवलेली आहेत. माझी तक्रार टक्के बघून ग्रुप ठरवणाऱ्यांबद्दल आहे. विज्ञानात ८१ आणि गणित, सामाजिक शास्त्रांत त्याहून कितीतरी वर असलेली पोरगी सगळ्यांच्या मते पीसीबीची कशी ठरली, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

२८ जूनला पहिली यादी लागली. पहिलीच पसंती मिळाली. कॉमर्सला एवढ्या टक्क्यांना अडचण येणारही नव्हती. खिडकीवर विषयांचा कागद हातात आला तेव्हा सहाव्या जागेवर तिने गणितासमोर खूण केली आणि पेन दुसऱ्या ओळीवर अडलं. मराठी की आयटी?

मी मराठी शिकवते. कुमारभारतीनंतर युवकभारती, असा क्रम माझ्या डोक्यात न सांगता ठरलेला होता. शिवाय मराठीची लेखी ऐंशीची आणि तोंडी वीसची, तिला अवघड काहीच नव्हतं. आयटीचीही लेखी ऐंशीची, पण संगणकावर, आणि प्रात्यक्षिक वीसचं. मुलं म्हणतात शंभरपैकी शंभरच्या जवळ पडतात. त्याची वेगळी फी. मला ती फी देणं जिवावर आलं, हे कबूल करायला हरकत नाही, पण त्याहून जिवावर आलं ते दुसरं. अकरावी-बारावीत मातृभाषेचा पर्याय म्हणून वेबसाइट बनवायला शिकवणं ही कल्पना कुणाला सुचली? आयटी शिकवा ना, सातवा विषय म्हणून शिकवा. भाषेच्याच जागेवर ते बसवलं की दहावीला उत्तम मराठी लिहिणारी पोरं गुणांचा हिशेब करतात आणि निघून जातात. दोष पोरांना देता येत नाही.

गंमत म्हणजे निकाल लावला तो ह्यांनी. तोवर कॉमर्सवर हातचं राखून बोलणारा हा माणूस कागद वाचता वाचता थांबला, कारण बारावी कॉमर्सच्या आयटीत जीएसटीसह संगणकावर हिशेब ठेवायला शिकवतात. आमच्या दुकानाचं जीएसटी रिटर्न दर महिन्याला बाहेरून भरून घ्यावं लागतं. "हे बरंय की," म्हणाले. एवढ्या दिवसांत कॉमर्सबद्दल त्यांच्या तोंडून आलेला हा पहिला चांगला शब्द. आयटीवर खूण झाली. मी बाहेर येऊन उसाचा रस प्यायले.

थोरली आता लातूरला एका मुलींच्या वसतिगृहात राहते. खोलीत चौघी, बाकीच्या तिघी पीसीबीवाल्या. त्या रात्री अकरा-बारापर्यंत क्लासच्या शीट सोडवतात आणि हिला विचारतात, "तू मग लातूरला आलीस कशाला?" तास ऑगस्टमध्ये सुरू झाले. गणिताला खरंच रोज तास होतो. बुक कीपिंगने मात्र सुरुवातीला तिला रडवलं. नावे आणि जमा उलटसुलट व्हायचं, बँकेच्या पासबुकात जमा दिसतं ते आपल्या वहीत नावे का, यावर फोनवर तासन्‌तास. ते शंकानिरसन ह्यांनीच केलं, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. सासूबाईंना मी सांगितलंय की सीए पण एक प्रकारचे डॉक्टरच असतात. त्यांचा विश्वास बसलेला नाही.

दिवाळीत आली तेव्हा रब्बीचा हंगाम होता. ह्यांनी सकाळी दुकानातून हरभऱ्याच्या बियाण्याच्या दोन पिशव्या उचलून आमच्याच शेतात पाठवल्या. काउंटरवर बसलेल्या थोरलीने विचारलं, "पप्पा, ह्याची नोंद कुठाय?"

"आपल्याच रानात चाललंय की गं."

"धंदा वेगळा आणि तुम्ही वेगळे. ही उचल झाली. तुमच्या नावे टाकावी लागेल."

"माझ्या दुकानातून मीच माल घेतला तर मीच देणेकरी?"

"हो."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. "बघ, अ‍ॅग्री केली असती तर निदान बियाणं कुठलं ते विचारलं असतं." थोरलीने तोवर खातेवही उघडून दोन पिशव्या लिहूनही टाकल्या होत्या, खरेदीच्या भावाने.